समजून घ्या : पाढ्यांआधी आकृतिबंध हवा! मुलांचं गणित शिवारात, रांगोळीत आणि ‘सत्तावीस’च्या उच्चारात कसं दडलंय?

दुसरीतल्या एखाद्या मुलाला ‘सत्तावीस’ लिहायला सांगा. बरीच मुलं ७२ लिहितात. घरचे वैतागतात, ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ म्हणतात. खरं तर मूल नीट लक्ष देऊनच ऐकत असतं. ‘सत्तावीस’ या शब्दात आधी सात येतो आणि मग वीस. ज्या क्रमाने ऐकलं त्याच क्रमाने त्याने लिहिलं. त्याने एक नियम शोधला आणि तो वापरला. फक्त तो नियम इथे लागू पडत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

चुकीकडे असं पाहिलं की प्रश्न बदलतो. मूल कच्चं आहे का, हा प्रश्न मागे पडतो. आपण त्याला नियम शोधायला शिकवतोय की फक्त उत्तरं पाठ करायला लावतोय, हा खरा प्रश्न समोर येतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरखेड्यासारख्या गावात नियम शोधायला लागणारं साहित्य अंगणात आणि बांधावर फुकट पडलेलं आहे. तरीही गणित म्हणजे पाढे आणि पाटी, एवढंच समीकरण आपल्या डोक्यात पक्कं आहे. ते बदलायला हवं, असं माझं मत आहे. का आणि कसं, ते पाहूया.

आकृतिबंध म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत ज्याला पॅटर्न म्हणतात त्याला आपल्या पाठ्यपुस्तकात ‘आकृतिबंध’ हा शब्द आहे. शब्द जड असला तरी गोष्ट सोपी आहे. काहीतरी ठरावीक रीतीने पुन्हा येतं, वाढतं किंवा बदलतं आणि त्यावरून पुढे काय येणार हे सांगता येतं, तो आकृतिबंध.

तेरखेडा हे राज्यात फटाक्यांसाठी ओळखलं जाणारं गाव. त्यामुळे उदाहरण माळेचंच घेऊ. वहीत एक माळ काढा : चार लवंगी, मग एक मोठा फटाका, पुन्हा चार लवंगी, पुन्हा एक मोठा. आता मुलाला विचारा, विसावा फटाका कोणता? तेविसावा कोणता? लहान मूल एकेक मोजत जाईल. थोडं मोठं मूल म्हणेल, ‘दर पाचवा मोठा आहे, म्हणजे विसावा मोठा.’ त्या क्षणी ते पाचाचा पाढा म्हणत नाही, तो वापरतं. तेविसावा म्हणजे विसाव्यानंतर तिसरा, म्हणून लवंगी. हा झाला भागाकार आणि बाकी. दोन्ही शब्द न उच्चारता.

(माळ कागदावरच काढायची. फटाका कारखान्यांतल्या अपघातांच्या बातम्या या परिसरातून आलेल्या आहेत. कारखान्याचं आवार ही मुलांची जागा नाही.)

एवढं महत्त्व कशासाठी?

‘असर’ या देशव्यापी पाहणीचा २०२४चा अहवाल सांगतो की ग्रामीण भारतात तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांनाच किमान हातच्याची वजाबाकी येते. २०२२मध्ये हे प्रमाण २५.९ टक्के होतं. सुधारणा झाली, हे मान्य. तरीही तीनपैकी दोन मुलं अजून तिथे पोहोचलेली नाहीत. पाचवीत भागाकार जमणारी मुलं ३०.७ टक्के.

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि मूलभूत गणित यावं, हे त्याचं ध्येय आणि २०२६-२७ ही त्याची मुदत. या अभियानात संख्याज्ञानाबरोबर आकार आणि आकृतिबंध यांनाही जागा दिलेली आहे. कागदावर धोरण योग्यच आहे. प्रश्न वर्गातल्या वेळेचा आहे. तपासणी, चाचणी आणि माहिती भरण्याच्या घाईत सगळ्यात आधी गळतो तो पान उलटून पाहण्याचा वेळ. इथे पान झाडाचं, पुस्तकाचं नव्हे.

याला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्प उत्पन्न गटातल्या पाचशेहून अधिक मुलांचा चौथ्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, लहानपणी आकृतिबंध ओळखण्याची क्षमता आणि पाचवीतलं गणित यांचा स्पष्ट संबंध दिसला. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. पण मणी लाल-हिरवे लावत बसणं हा निव्वळ वेळकाढूपणा नाही, एवढं म्हणायला तो पुरेसा आहे.

‘वीस सात’चा वाद आठवतोय का?

सुरुवातीच्या २७ आणि ७२कडे पुन्हा येऊ. जून २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला होता. पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असं संख्यावाचनही दिलं होतं. मराठीची मोडतोड होतेय, अशी ओरड झाली. विषय विधिमंडळात पोहोचला, नेत्यांच्या आडनावांवर कोट्या झाल्या, मीम्स फिरले.

त्या वेळी बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर. (२०२३मध्ये त्यांचं निधन झालं.) त्यांचा मुद्दा सरळ होता. एकवीस ते नव्व्याण्णव या संख्यांची मराठी नावं जोडाक्षरांनी भरलेली आहेत, त्यात एकक आधी आणि दशक नंतर बोललं जातं, लिहिताना मात्र उलट. लहान मुलांना त्याचा त्रास होतो. शेजारच्या भाषांकडे पाहा. कन्नडमध्ये सत्तावीस म्हणजे ‘इप्पत्तेळु’, तेलुगूत ‘इरवै एडु’. दोन्हींत आधी वीस, मग सात. जसं बोलतात तसंच लिहितात.

माझ्या मते त्या वादात आपण एक चांगली संधी हसण्यावारी घालवली. ‘सत्तावीस’ हद्दपार करायची गरज नाही आणि त्या पुस्तकानेही ते केलं नव्हतं. पण ‘वीस सात’ म्हटल्यावर मुलाला संख्येची घडण दिसते : दोन दशक, सात एकक. ती दिसली की ‘सत्तावीस’ हे नाव लक्षात ठेवणं सोपं जातं.

शिवाय मराठी नावांतही नियम आहे, तो आपण दाखवतच नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास... ‘एकोण’ म्हणजे एक कमी. वीसला एक कमी, तीसला एक कमी. हे कळल्यावर मुलं पुढची नावं स्वतः बनवतात : एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. आणि मग ९९ला अडखळतात, कारण तिथे ‘एकोणशंभर’ नाही, ‘नव्व्याण्णव’ आहे. नियम कुठे मोडतो हे शोधणं, हाही आकृतिबंधाचाच भाग. एखादं मूल ‘एकोणशंभर’ म्हणालं तर हसू नका. त्याने फार मोठं काम केलंय.

२७ आणि ७२ची गंमत

आता त्या ‘चुकी’चंच गणित करू. ७२ वजा २७ किती? ४५. दुसरी कुठलीही दोन अंकी संख्या घ्या आणि तिचे अंक उलटवा. ८३ आणि ३८ : फरक ४५. ६१ आणि १६ : फरकही ४५! ४१ आणि १४ : फरक २७. उत्तर नेहमी नऊच्या पाढ्यात येतं. हिशेबनिसांची एक जुनी युक्ती यावरच उभी आहे. रोजमेळात बसलेला फरक नऊने भागला जात असेल, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असण्याची शंका घ्यायची.

याच वाटेने पुढे जाऊन एका मराठी शाळामास्तरांनी जगाला चकित केलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, आणि १९३०पासून १९६२पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिक्षकी. मोठं विद्यापीठ नाही, प्रयोगशाळा नाही. हातात संख्या आणि त्यांच्याशी खेळण्याचा नाद. १९४९मध्ये त्यांना ६१७४ ही संख्या गवसली. आज जगभरचे गणितप्रेमी तिला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगाला माहीत झाले.

खेळ असा. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. १९४७ घेऊ :

९७४१ − १४७९ = ८२६२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आणि ६१७४ आल्यावर? ७६४१ − १४६७ = पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोहोचता.

चार अंकी वजाबाकी जड जात असेल तर तीन अंकी घ्या. तेरखेड्यावरून जाणाऱ्या सोलापूर-धुळे महामार्गाचा जुना क्रमांक २११ होता (आता ५२). त्यापासूनच सुरुवात करू :

२११ − ११२ = ०९९
९९० − ०९९ = ८९१
९८१ − १८९ = ७९२
९७२ − २७९ = ६९३
९६३ − ३६९ = ५९४
९५४ − ४५९ = ४९५

४९५वर गाडी थांबते. आता मुलाला उत्तरं एकाखाली एक लिहायला सांगा आणि गप्प बसा. थोड्या वेळाने ते सांगेल की मधला अंक दरवेळी नऊच आहे. आणखी थोड्या वेळाने सांगेल की कडेच्या दोन अंकांची बेरीजही नऊ. कारणही अवघड नाही : फरक म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या अंकातलं अंतर गुणिले ९९.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. मुलाने हातच्याची वजाबाकी सहा वेळा केली. ‘सहा उदाहरणं सोडव’ म्हटलं असतं तर दुसऱ्यालाच जांभई आली असती. इथे ते पुढची वजाबाकी स्वतःहून मागतं, कारण पुढे काय निघतं याची उत्सुकता असते. तिसरीतल्या ज्या वजाबाकीवर ‘असर’चे आकडे बोट ठेवतात, ती हीच.

शिवारात काय काय सापडेल?

संख्या आवडणारी मुलं कापरेकरांच्या खेळात रमतील. पण पाच वर्षांच्या मुलाला वजाबाकी येत नाही. त्याच्यासाठी शिवार आहे.

ज्वारी, तुळस आणि सूर्यफूल. ज्वारीचं ताट समोर धरा. एक पान डावीकडे, पुढचं उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दर तिसरं पान पहिल्याच्या बरोबर वर. आता अंगणातली तुळस बघा. पानं जोडीने येतात, आणि खालची जोडी पूर्व-पश्चिम असेल तर वरची दक्षिण-उत्तर. खोडावर बोट फिरवलं तर ते चौकोनी लागतं. बांधावरच्या रुईची पानंही अशीच आडवी-उभी. सूर्यफुलात तिसराच प्रकार : बियांच्या रांगा भोवऱ्यासारख्या दोन्ही बाजूंना वळत जातात. त्या रांगा मोजल्या तर बहुतेकदा एका दिशेला ३४ आणि दुसऱ्या दिशेला ५५ अशा संख्या मिळतात.

हे कशामुळे? ज्वारीत प्रत्येक नवं पान आधीच्यापासून अर्धी फेरी फिरून येतं, म्हणून दोनच ओळी दिसतात. सूर्यफुलात प्रत्येक नवी बी आधीच्या बीपासून साधारण १३७.५ अंश फिरून उगवते. हा कोन असा आहे की बिया एकीमागे एक सरळ ओळीत येतच नाहीत. त्यामुळे जागा वाया जात नाही आणि फूल गच्च भरतं. सोयाबीन आल्यापासून आपल्याकडे सूर्यफुलाचं शिवार आटलं आहे, पण कुंडीत एक रोप लावायला कुणाची हरकत नाही.

सोयाबीनचं पान. खरिपात नजर जाईल तिथे सोयाबीन. एका पानाला तीन पर्णिका. एक पान ३, दोन पानं ६, तीन पानं ९. तिनाचा पाढा देठाला लटकलेला. पण नुकतंच उगवलेलं रोप पाहिलं तर सुरुवातीच्या जोडीत एकेकच पान दिसतं, तिपानी पुढे सुरू होते. ‘इथे नियम का बदलला?’ हा प्रश्न मुलाकडून आला पाहिजे. आला नाही तर आपण विचारायचा.

सीताफळ. बालाघाटच्या डोंगररांगांत सीताफळाला तोटा नाही. फळाचे डोळे देठाकडून टोकाकडे तिरक्या रांगांत उतरतात. रंगीत खडूने एक रांग डावीकडे, एक उजवीकडे रंगवायला द्या. फळ नंतर खाता येतं, हा जादा फायदा.

फुलं. जास्वंद, सदाफुली, कण्हेर, रुई : पाकळ्या पाच-पाच. मुलं लगेच म्हणतात, ‘सगळ्या फुलांना पाच पाकळ्या असतात.’ मग मोहरीचं किंवा मुळ्याचं फूल हातात द्या. चारच निघतात. नियम मांडला, तपासला, मोडला, सुधारला. वैज्ञानिक याहून वेगळं काय करतात?

रांगोळी. ठिपक्यांची रांगोळी काढताना १, ३, ५, ७, ५, ३, १ असे ठिपके मांडतात. एकूण किती? २५. आता चिंचोके घ्या. एक ठेवा. त्याला काटकोनात तीन लावा, २ × २ चा चौकोन झाला. पुढे पाच लावा, ३ × ३. पुढे सात, ४ × ४. म्हणजे १ + ३ + ५ + ७ = १६, आणि उरलेले ५ + ३ + १ = ९. सोळा आणि नऊ पंचवीस, म्हणजे ५ × ५. आजीच्या रांगोळीत वर्गसंख्या बसलेल्या आहेत, पण आपण तिला कधी गणिताची बाई म्हटलं नाही.

सुवर्ण गुणोत्तराच्या फॉरवर्डवर किती विश्वास ठेवायचा?

निसर्गातलं गणित म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅपवर १, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५ ही मालिका आणि शंखाचं चित्र हमखास येतं. प्रत्येक संख्या आधीच्या दोनांची बेरीज. सूर्यफूल आणि अननसाच्या बाबतीत ही मालिका खरोखर दिसते. पण प्रत्येक शंख, प्रत्येक चेहरा, प्रत्येक देऊळ याच गुणोत्तरात बसतं, हा दावा खोटा आहे. वर पाहिलंच, मोहरीला चार पाकळ्या आहेत आणि चार ही संख्या या मालिकेत नाही. मुलांना अद्भुत गोष्टी सांगण्यापेक्षा मोजायला शिकवलं तर ती पुढे असे फॉरवर्डही तपासतील.

या मालिकेची भारतीय बाजू मात्र सांगण्यासारखी आहे. इटलीच्या फिबोनाचीने ती १२०२च्या ग्रंथात मांडली. त्याआधी, बाराव्या शतकाच्या मध्यास, गुजरातेत हेमचंद्रांनी छंदशास्त्राचा विचार करताना तीच मांडली होती, आणि त्यांच्याही कितीतरी आधी विरहांक यांनी. प्रश्न असा होता : लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रांची ओळ किती प्रकारे बनेल?

मुलांसाठी याच प्रश्नाची सोपी आवृत्ती पायऱ्यांवर खेळता येते. येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला गेलात तर चार पायऱ्या निवडा. एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या चढायच्या. किती प्रकारे चढता येईल? पाच : १-१-१-१, १-१-२, १-२-१, २-१-१ आणि २-२. तीन पायऱ्यांना तीन प्रकार, पाच पायऱ्यांना आठ. पाय दुखेपर्यंत मुलं थांबत नाहीत.

हे आधी कुणी केलंय का?

केलंय, आणि महाराष्ट्रातच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डी इथे आणि पुढे १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं. माँटेसरी पद्धतीची साधनं महागडी होती. त्यांनी पानं, फुलं, बिया, खडे, शिंपले हेच साधन केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. आपण आज जिला ‘अंगणवाडी’ म्हणतो त्या कल्पनेचं मूळ तिथे आहे. विशेष म्हणजे हे कोसबाड डहाणू तालुक्यातलंच. कापरेकरांचं जन्मगावही डहाणू.

पुण्यात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान आणि गणिताची शेकडो खेळणी केली. काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार बनवण्याची त्यांची कल्पना खेड्यातल्या शाळेला अगदी परवडणारी. खराट्याच्या काड्या घ्या. एका त्रिकोणाला ३ काड्या, शेजारी चिकटून दुसरा केला तर एकूण ५, तिसरा केला तर ७. दहा त्रिकोणांना किती? एकवीस. न मांडता सांगता आलं, तर मूल बीजगणिताच्या दारात उभं आहे.

तेरखेड्याच्या मुलांसाठी हे जास्त मोलाचं का?

धाराशिव आणि बीडच्या अनेक गावांतून दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबं बाहेर पडतात. कोयत्याबरोबर लेकरंही जातात. हंगामी वसतिगृहांची सोय आहे, पण प्रत्येक मूल मागे राहत नाही. ते परत येतं तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. स्वाध्यायपुस्तिका, संच, टॅब यांतलं काहीच त्याच्यासोबत फडावर जात नाही. सोबत जाते ती पाहण्याची सवय. मोळीत ऊस किती, पेर कसे लहान होत जातात, पालं किती ओळींत आहेत, हे मोजणारं आणि पुढचा अंदाज बांधणारं मूल गणितापासून पूर्ण तुटत नाही. ही शाळेची बदली व्यवस्था नव्हे. शाळा हवीच. पण दुवा तुटू नये यासाठी याहून स्वस्त उपाय मला तरी दिसत नाही.

‘पण पाढे पाठ नकोत का?’

हवेत. पूर्वी पावकी, निमकी, दिडकीही पाठ असायच्या आणि त्या पिढीचा तोंडी हिशेब आजही हेवा वाटावा असा आहे. पाठांतराला माझा विरोध नाही, क्रमाला आहे. नवाच्या पाढ्यात ०९, १८, २७, ३६ असं लिहून दशक वाढतो, एकक घटतो आणि बेरीज नऊच राहते, हे मुलाने आधी शोधलं तर पाढा पाठ करायचा त्रास अर्धा होतो. आणि अडला तर तो स्वतः सावरता येतो. नुसता पाठ केलेला पाढा मध्येच तुटला की पुन्हा ‘नऊ एके नऊ’पासून सुरुवात करावी लागते.

दुसरा आक्षेप वेळेचा. दोन वर्ग एका शिक्षकाकडे असतील तर हे कोण करणार? आक्षेप खरा आहे. म्हणून मागणी मोठी नको. परिपाठातली आठवड्याला तीन दिवस दहा-दहा मिनिटं पुरेत. मात्र ती वेळापत्रकात अधिकृतपणे असावीत आणि केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत पाढ्यांबरोबर एवढंही विचारावं : ‘या आठवड्यात मुलांनी कोणता नियम शोधला?’

घरी आणि अंगणवाडीत काय करता येईल?

• ३ ते ५ वर्षं : दोन चिंचोके, एक खडा, दोन चिंचोके, एक खडा... पुढे काय? टाळी-टाळी-चुटकी. ज्वारीच्या ताटावर पानं दाखवत ‘इकडे-तिकडे’ म्हणणं. आज्जीच्या गोधडीवरचे चौकोनात चौकोन असलेले टाके बोटाने गिरवणं.

• ६ ते ७ वर्षं : ‘वीस सात, सत्तावीस’ असं दोन्ही प्रकारे म्हणणं. एकोणीस, एकोणतीसचा नियम शोधणं. फुलांच्या पाकळ्या मोजून पाच पाकळ्यांची आणि बाकीची अशी दोन खोक्यांत वाटणी.

• ८ ते ९ वर्षं : ४९५ आणि ६१७४चे खेळ. खराट्याच्या काड्यांचे त्रिकोण. पायऱ्या चढण्याचे प्रकार. ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१, मग ११११ × ११११ किती, याचा आधी अंदाज आणि मग गुणाकार. (या संख्यांवरही कापरेकरांनी काम केलं. त्यांना ते ‘डेम्लो संख्या’ म्हणत.)

फोन हातात द्यायचाच असेल तर कॅमेरा उघडून द्या. ‘आज तीन अशा गोष्टींचे फोटो काढ ज्यात काहीतरी पुन्हा पुन्हा येतं.’ संध्याकाळी सगळ्यांनी मिळून फोटो पाहायचे. यासाठी कुठलंही अ‍ॅप लागत नाही.

आणि प्रश्न तीनच पुरेत. तुला काय दिसतंय? पुढे काय येईल? तुला कसं कळलं? तिसरा प्रश्न उत्तर बरोबर आलं तरी विचारायचा. चुकलं तर हमखास विचारायचा. त्या २७च्या जागी ७२ लिहिणाऱ्या मुलाला हा तिसरा प्रश्न कुणी विचारला, तर ते सांगेल : ‘तुम्ही आधी सात म्हणालात ना!’ आणि मग त्याला रागावायला आपल्याकडे कारण उरणार नाही.